रज्जाकमामूंची मखमल

वसमतमध्ये एके काळी एक शेळी जाकीट घालून हिंडत असे. जाकीट म्हणजे पाठीवर बांधलेला जुन्या पोत्याचा तुकडा, असं कुणी समजू नये. बाहेरून चॉकलेटी रेक्झिन, आतून मऊ अस्तर, कडेनं पिवळी किनार आणि गळ्याशी पितळी बटण, असा तो थाट होता. थंडीच्या दिवसांत ती स्टँडमागच्या गल्लीतून निघाली की बाकीच्या शेळ्या बाजूला सरायच्या. निदान मला तरी तसं वाटायचं. गावात नवा आलेला माणूस तिच्याकडं बघत उभा राहिला की चहावाला न विचारताच सांगायचा, "मामूची है."

मामू म्हणजे रज्जाकमामू. जीपगाड्यांची हुडं आणि सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. स्टँडच्या मागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं आणि मामूंचा देह असा होता की दुकानात आधी मामू बसायचे, मग उरलेल्या जागेत दुकान बसायचं. गोरा रंग, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि ओठांत कायम दोनतीन सुया. त्या सुया सांभाळत तोंडाच्या एका कोपऱ्यातून ते बोलायचे. त्यामुळं त्यांचं सगळंच बोलणं काहीतरी गुपित सांगितल्यासारखं वाटायचं. मामूंना राग आला की आधी ते सुया एकेक करून काढायचे आणि छातीवर सदऱ्यात टोचून ठेवायचे. तोंड मोकळं झालं की मग सुरू व्हायचे. जुने ड्रायव्हर शहाणे होते. पहिली सुई निघाली की ते चहा प्यायला निघून जायचे.

मामूंचं एक ठाम मत होतं. देवानं माणसाला उघडं पाठवलं, पण अक्कल दिली ती झाकण्यासाठी. जी वस्तू उघडी दिसेल तिला कपडे शिवणं हे ते आपलं कर्तव्य समजायचे. त्यांच्या घरातला रेडिओ झाकलेला, शिलाई मशीन झाकलेलं, मिक्सर झाकलेला. मिक्सरच्या झाकणाला तर झालर होती. त्यांच्या घरी टेलिफोन आला तेव्हा त्याला असा अंगरखा शिवला की घंटी वाजली तरी बाहेर नुसती गुरगुर ऐकू यायची. खाला, म्हणजे मामूंची बायको, म्हणायच्या की या माणसाला वेळ मिळाला तर हा उद्या चुलीलाही टोपी घालील.

मी त्या वेळी कुरुंद्याच्या शाळेत नवा मास्तर होतो. राहायला वसमतला. शाळेच्या हार्मोनियमचा भाता फाटला होता, तो मी मामूंकडं नेला. त्यांनी तो असा शिवला की हवा मुंगीच्या वाटेनंही जाऊ नये. पेटी पोहोचवायला ते स्वतः शाळेत आले आणि तिथं कपाटावर त्यांना पृथ्वीचा गोल दिसला. धूळ खात, उघडा. मामूंच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहिलं. त्यांनी कुणाला न विचारता खिशातली टेप काढली आणि पृथ्वीचं माप घेतलं. गोल वस्तूला कपडा शिवणं सोपं नसतं. त्यांनी संत्र्याच्या फोडींसारखे कापडाचे तुकडे कापले, जोडले आणि लाल मखमलीचं एक झाकण करून आणलं. उत्तर ध्रुवावर सोनेरी गोंडा. हेडमास्तर इतके खूश झाले की त्यांनी ते झाकण फक्त पंधरा ऑगस्टला काढायची परवानगी दिली. त्या वर्षीच्या पोरांना पृथ्वी गोल आहे हे पटलं, पण ती लाल आणि लवदार असते अशीही त्यांची समजूत झाली.

असा हा माणूस एकाएकी जीपगाड्यांच्या गाण्याबजावण्यात शिरला, आणि मला सांगायची ती हकीकत इथून सुरू होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. एसटी यायची तेव्हा यायची. मधल्या वेळात काळ्यापिवळ्या जीपा चालायच्या, आणि कुरुंदा ते वसमत लाईनवर तर त्यांची रांग लागायची. पॅसेंजर कुठल्या जीपमधे बसणार हे ठरायचं गाण्यावर. ज्याची टेप मोठी त्याची गाडी आधी भरायची. मग एकेकानं टेपच्या जोडीला ॲम्प्लिफायर आणला. टेपमधून येणारा बारीक आवाज घेऊन तो वाढवून स्पीकरला देणारं हे यंत्र. आमच्याकडं त्याचं नाव कुणी धड घेतलं नाही. सगळे त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचे. वायरी जोडायला कुणीही मिळायचं, पण मशीन आणि स्पीकर गाडीत देखणे बसवायचे म्हणजे लाकूड, फोम, रेक्झिन, खिळे. म्हणजे मामू.

परसराम राठोड हा कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचा तरणा गडी. त्याची जीप ही तांड्याची पहिली गाडी. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्यमीठ लादून मुलूखभर वाहतूक केली होती. त्यामुळं जीप आली तेव्हा तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी तिच्या बॉनेटवर हात फिरवून, नव्या बैलाचे दात बघावेत तसे तिचे दिवे बघितले. त्या जीपसाठी परसरामनं मशीन आणलं आणि मामूंपुढं ठेवलं.

मामूंनी ते उलटं केलं, सुलटं केलं. मशीनच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या होत्या, एकीशेजारी एक. मामूंनी त्यांवरून बोट फिरवलं आणि चेहरा कडू केला.

"फासळ्या दिसून राहिल्या रे याच्या. उपाशी जनावरासारख्या. कंपनीवाल्यांना लाज न्हाई."

आणि मग मामूंनी आपल्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम केलं. मागच्या डाव्या बाकड्याखाली प्लायवूडची पेटी बसवली. फासळ्यांच्या मधल्या फटींत फोमच्या पट्ट्या बसवल्या, गाडी उडाली तर खडखड होऊ नये म्हणून. वर फोमचा थर, त्यावर लालबुंद मखमल, कडेला सोनेरी गोट, कोपऱ्यांवर पितळी फुलं. वायर जाईल एवढंच भोक, आणि त्यालाही आतून कापडाची बाही. पेटी बघायला तांड्यातल्या बायका आल्या होत्या. एकीनं तर हात जोडले. परसरामची छाती फुगली आणि मामू तोंडातल्या सुयांमधून एवढंच म्हणाले की हे मशीन आता बाळंतिणीसारखं सुखात राहील.

आता हुशार वाचकाला इथंच सगळं कळलं असेल. त्यानं कृपा करून गप्प बसावं. आम्हांला कळायला होळी जावी लागली.

हिवाळा मजेत गेला. परसरामच्या जीपचा आवाज कुरुंद्याहून निघाला की पुढच्या वाडीत ऐकू यायचा. मग ऊन तापलं. आमची शाळा सकाळची झाली आणि मी दुपारी परत यायला लागलो. परसराम कुरुंद्याच्या स्टँडवर उन्हात गाडी उभी करून गाडी भरेपर्यंत गाणी मोठ्यानं लावून ठेवायचा, भरली की निघायचा. एके दुपारी वाटेत चिंचेच्या वळणावर गाणं मधेच तुटलं. तबल्यावर थाप पडली आणि तिच्या पुढची पडलीच नाही. परसरामनं गाडी थांबवली, वायरी हलवल्या, टेपला चापट मारली. काही नाही.

त्या वळणावर चिंचेखाली म्हसोबाचा शेंदरी दगड आहे. गाडीतला एक म्हातारा म्हणाला, दुपारची वेळ आहे, देवाची झोपमोड झाली असेल, नारळ फोड. एका पॅसेंजरच्या पिशवीत नारळ होता. परसरामनं तो घेतला, पाय धुतले, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, देवाला नमस्कार केला आणि येऊन बटण दाबलं. गाणं सुरू.

गाडीतल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, शिकलेला असूनही.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळच्या फेरीला म्हसोबा काही म्हणायचा नाही, दुपारी मात्र बरोबर अडवायचा. परसराम पिशवीत नारळ घेऊनच निघायला लागला. प्रसाद होईपर्यंत जेवढा वेळ जायचा तेवढा गेला की मशीन चालू. मी जेवायला घरी उशिरा पोहोचायचो आणि बायकोला म्हसोबाचं कारण सांगायचो. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघायची तिचं वर्णन इथं नको.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. पण हळूहळू कुजबुज सुरू झाली. देव रोज एकाच गाडीला अडवतो म्हणजे गाडीतच काहीतरी आहे. आज गाणं बंद करतो, उद्या ब्रेक बंद करील. बायका आपल्या लेकरांना त्या जीपमधून खाली उतरवून मागच्या जीपमधे बसवायला लागल्या. गाडी भरेना. स्टँडवर जीपांचे नंबर लावायचं काम बापूराव नावाचा एक जाडमिशांचा गृहस्थ करायचा. त्यानं परसरामला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या गाडीपायी लाईन बदनाम होऊन राहिली, येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत बघतो, तरीही गाडी वळणावर अडली तर तुझा नंबर काढतो. लाईनवरून नंबर गेला म्हणजे जीप तांड्यावर कोंबड्यांना बसायला.

परसराम मामूंच्या दुकानात आला तेव्हा मी तिथं होतो. बापूराव काय म्हणाला ते त्यानं सगळं सांगितलं. मामूंनी शांतपणे सुया काढल्या. सगळ्या काढल्या.

मला वाटलं, आता परसरामची धडगत नाही. पण मामू तापले होते ते म्हसोबावरच्या आळावर.

"मी लहान होतो तवापासून त्या वळणावरून जाऊन राहिलो. तिथून वराती जातात, बँड जातो, हलगी जाते. त्या देवानं कधी कुणाच्या वाजवण्याला ना केली न्हाई. आन् आता माझ्याच मशीनला करंल? का म्हणून? गरीब देव है, बोलू शकत न्हाई, म्हणून कायबी त्याच्या नावावर घालता का?"

त्यांनी गाडी तपासायला घेतली. आणि मला इथं सांगितलंच पाहिजे की त्यातलं त्यांना फारसं काही येत नव्हतं. वायरीचे रंग त्यांना पाठ होते, वायरीच्या आत काय जातं याबद्दल त्यांचे स्वतःचे विचार होते. पहिला अंदाज त्यांनी वायर बारीक असल्याचा केला. वायर बदलली, फरक शून्य. दुसरा अंदाज बरा निघाला. परसरामनं हौसेनं एकाच मशीनला मूठभर जास्तीचे स्पीकर जोडले होते. दोन बैलांच्या गाडीला चार गाड्यांचं ओझं, असं म्हणत मामूंनी निम्मे काढले. दुसऱ्या दुपारी जीप निघाली, चिंचेचं वळण आलं, आणि गाणं चालूच. परसरामनं आनंदानं हॉर्न दाबला. वळणाच्या पुढं एक पूल आहे. पुलावर गाणं बंद पडलं.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हसोबानं हद्द वाढवली."

ही बातमी आमच्या आधी वसमतला पोहोचली. मामूंना ती फार लागली. त्यांनी परसरामला पुलापर्यंत वाजलेली सगळी गाणी पुन्हा लावायला सांगून ऐकली, रात्रीचं जेवण टाकलं, आणि सकाळी, मोठ्या मशीनांना पंखा असतो एवढं कुणाकडून तरी ऐकून, पेटीच्या आत एक छोटा पंखा बसवला. बंद पेटीत पंखा. आतली गरम हवा तो आतल्या आत फिरवत राहिला. त्या दुपारी गाणं पुन्हा वळणावरच थांबलं. बापूराव चहाच्या टपरीवर म्हणाला की मामूनं म्हसोबाला वारा घालायला पंखा लावला. सगळे हसले. मामूही हसले, पण सुई उलटी ओठांत धरून.

बाजाराच्या आदल्या दिवशी मामू स्वतः कुरुंद्याला आले. म्हणाले, मी मशीनवरच बसतो, बघू कोण कसं बंद करतं ते. गाडीत मोजकेच लोक होते. मी होतो, आणि भाजीची पाटी घेऊन वसमतला निघालेली गयाबाई होती. गयाबाई म्हणजे कुरुंद्याची ऐन सत्तरीतली तिखट बाई. परसरामच्या गाडीवर तिचा विश्वास कायम होता, कारण तिच्या मते तिच्या वाटेला जायची म्हसोबाची हिंमत नव्हती. मामू त्या डाव्या बाकड्यावर, बरोबर पेटीच्या वर बसले. बाकडं कण्हलं. गाणं सुरू झालं, गाडी निघाली.

थोड्या वेळानं मामू एका बाजूला कलले. मग दुसऱ्या. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल घडी करून खाली घातला आणि बाहेरची शेतं बघण्यात गढून गेल्यासारखं केलं. गयाबाई समोरच्या बाकड्यावरून हे सगळं बघत होती.

"मामू, काहून चुळबुळ करून राहिला?"

मामू म्हणाले, काही नाही, ऊन आहे.

"ऊन न्हाई ते. त्या शिटाखाली शेगडी है न्हवं तुमची. उन्हाळ्यात कोण बसंल तिथं? तुमी थंडीत या. माझे गुडघे या शिटानंच बरे केले. सारा हिवाळा मी दुसरीकडं बसले न्हाई."

मामू तिच्याकडं बघत राहिले. थंडीतही गरम असायचं का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांचा आवाज तोंडाच्या कोपऱ्यातून आला नाही, सरळ आला.

"तर. भाकर भाजावी असं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचा कळवळा येऊन तुमीच बसवली. दुवा दिला तुमाला."

तेवढ्यात वळण आलं आणि गाणं तुटलं. परसराम नारळ घेऊन उतरला. बाकीचे उतरले. मामू उतरले नाहीत. तो एवढा मोठा माणूस बाकड्यांच्या मधे गुडघ्यांवर बसला, वायरीच्या भोकाची कापडी बाही बाजूला केली आणि आत हात घातला. घातला तसा काढला. बोटं तोंडात धरली. मग पुन्हा घातला, या वेळी हळू, आणि कितीतरी वेळ तो हात आतच होता.

मी बाहेरून बघत होतो. मामूंचा चेहरा मी तोपर्यंत खूप तऱ्हांचा बघितला होता, हा नव्हता बघितला. मशीन वीज खातं. त्यातली काही आवाज होऊन बाहेर पडते, उरलेली ताप होऊन आतच राहते. तो ताप बाहेर सोडायला कंपनीनं त्याच्या पाठीला पट्ट्या दिल्या होत्या, त्यांच्या मधून वारा खेळावा म्हणून. मामूंनी त्या फासळ्या समजून एकेक फट फोमनं बुजवली होती आणि वरून मखमल पांघरली होती. मशीन बिचारं उन्हात तापलेल्या गाडीत, रजईत, तोंड बांधून गात होतं. असह्य झालं की जळून जाण्यापेक्षा गप्प बसायचं, एवढी अक्कल त्याच्यात कंपनीनं घातलेली होती. नारळ, प्रसाद, नमस्कार होईपर्यंत जरा निवायचं की पुन्हा गायला तयार.

हे सगळं मामूंनी अशा शब्दांत सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "याला ताप चढलाय रे. आन् मी याला गोधडीत गुंडाळून ठेवला."

मग त्यांनी कमरेची कात्री काढली.

परसराम नारळ तसाच हातात घेऊन धावला. नका म्हणाला. मामू, नका फाडू, तांड्यात लोकं बघाया येतात ते मखमल, माझ्या आईनं त्याला हळदकुंकू लावलंय, दुसरं कायतरी करू. तो खरोखर कात्रीच्या आणि मखमलीच्या मधे हात घालून उभा राहिला.

मामू त्याच्याकडं बघून म्हणाले, "परशा, तुझी गाडी लाईनवर ठेवायची का माझी शिलाई?"

परसरामनं हात काढला. कात्री चालली. मी सांगतो, त्या मखमलीचा आवाज मला अजून आठवतो. सोनेरी गोट निघाला, पितळी फुलं निघाली, फोमच्या पट्ट्या एकेक करून निघाल्या, काही तर वितळून चिकटल्या होत्या. प्लायवूडची एक बाजू मामूंनी लाथेनं काढली. गयाबाईनं तोंडाला पदर लावला होता. मशीन पूर्ण उघडं झालं तेव्हा मामूंनी त्या फासळ्यांवर हातातला रुमाल हलवून वारा घातला, आजारी लेकराला घालावा तसा, आणि मखमलीचे तुकडे गोळा करून सदऱ्यात कोंबले.

आता पुढं काय काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला पाहिजे तिथं करता येईल.

मामूंनी पुढं झाकणं शिवायचं सोडलं नाही, तो त्यांचा स्वभाव होता. पण प्रत्येक झाकणाला जाळी आली. हुडांना जाळीच्या खिडक्या, सीटांच्या पाठीला बारीक भोकं, मशीनच्या पेट्या दोन्ही बाजूंनी मोकळ्या आणि खालून उंच उचललेल्या, म्हणजे वारा आरपार जावा. शेळीचं जाकीटही पोटाकडून उघडं झालं. मिक्सरचे कपडे खालांनी स्वतः काढून घेतले. एक दिवस मामू आमच्या शाळेत आले, कपाटावरच्या पृथ्वीचं मखमली झाकण काढलं आणि घडी करून खिशात ठेवलं. हेडमास्तरांनी कारण विचारलं तर म्हणाले की दुनियेलाबी वारा लागतो. पुढं हिंगोली जिल्हा झाला, कॅसेटा गेल्या, सीड्या आल्या, पोरं डिकीभर स्पीकर घालायला लागली. हट्टा गावापासून हिंगोलीपर्यंतची पोरं आपली बंद पडणारी मशीनं घेऊन मामूंकडं यायची. मामू आधी विचारायचे, कुठं ठेवलंय? सीटखाली, कपड्यांखाली, स्टेपनीखाली, असं उत्तर आलं की सुया निघायला लागायच्या. परसरामनं दुसरी गाडी घेतली, ती त्याचा भाऊ चालवतो. मामूंना मी नंतर पुष्कळदा भेटलो. पण मामू म्हटलं की मला ते एकाच ठिकाणी दिसतात, आणि तिथं मी आता तुम्हांला नेतो.

बाजाराचा दिवस. भर दुपार. परसरामनं मुद्दाम गाडी उन्हात उभी करून, आवाज पूर्ण वाढवून गाणी लावली होती. बापूराव पुढच्या सीटवर येऊन बसला होता, परीक्षेला बाहेरचे साहेब येतात तसा. तमाशा बघायला म्हणून गाडी भरली होती. गयाबाई त्या डाव्या बाकड्यावर बसली आणि खाली हात लावून म्हणाली की शेगडी इझली, आता गुडघ्याचं कसं करू. सगळे आले होते, मामू सोडून. परसराम रस्त्याकडं बघत होता. मामू आले नाहीत. बापूराव म्हणाला, ते काय येतात, तोंड लपवून बसले असतील.  परसरामनं वाट बघून शेवटी गाडी काढली.

वाडी गेली. मोठा ओढा गेला. गाडीतले सगळे गाणं ऐकत होते, आणि आयुष्यात कधी कुणी ते गाणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नसेल. परसरामच्या मानेवरून घामाचे ओघळ उतरत होते. त्याचा पाय सवयीनं ब्रेककडं जात होता, आणि तो पाय मागं घेत होता. चिंचेचं झाड दिसायला लागलं.

आणि झाडाखाली मामू दिसले.

एकटे. सायकल चिंचेला टेकवलेली. एवढा बोलघेवडा, मिरवणारा माणूस, पण गाडीत बसायचा धीर त्यांना झाला नव्हता. सकाळपासूनच येऊन उभे असावेत. पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा घातला होता, ईदचा असावा. ओठांत एकही सुई नव्हती. आम्हांला बघून त्यांनी हात केला नाही. दोन्ही हात जोरजोरात पुढं ढकलून ते एकच खूण करत होते. थांबू नको, जा, जा.

परसराम थांबला नाही. म्हसोबाचा शेंदरी दगड आमच्या उजव्या हाताला आला आणि मागं गेला. गाणं चालू होतं. बापूरावनं नकळत श्वास सोडला, तो मला मागं ऐकू आला. पूल आला. पुलावर एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले. पूल गेला. गाणं चालू होतं, कडवं संपून ध्रुवपद आलं होतं, आणि गयाबाई मांडीवर ठेका धरून बसली होती.

बापूराव पुढं बघत म्हणाला, "परसराम, संध्याकाळच्या फेरीला तुझा नंबर पहिला."

परसरामनं मान हलवली. 

मी मागच्या उघड्या बाजूनं वळून बघितलं. धुळीच्या लोटापलीकडं मामू रस्त्याच्या मधोमध येऊन उभे होते. त्यांनी एक हात कानाच्या मागं धरला होता आणि मान थोडी वाकडी केली होती. आमची गाडी लांब लांब जात होती, मामू लहान लहान होत होते. गाणं त्यांना कुठपर्यंत ऐकू आलं असेल, मला माहीत नाही. पण रस्ता वळून ते दिसेनासे झाले तोपर्यंत, तो हात कानावरून खाली आलेला मी बघितला नाही.